ड्राफ्टआधी क्वार्टरबॅकचा थ्रो कसा जोखावा? जॉश ॲलनच्या वादाच्या निमित्ताने

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू म्हणजे क्वार्टरबॅक, आणि त्याने फेकलेला चेंडू साथीदाराने झेलला की पास पूर्ण. वायोमिंग विद्यापीठाचा जॉश ॲलन शंभरातले जेमतेम छप्पन्न पास पूर्ण करायचा. २०१८ च्या एनएफएल ड्राफ्टआधी, म्हणजे व्यावसायिक लीगचे संघ फेरीफेरीने कॉलेजचे खेळाडू निवडतात त्याआधी, काही जाणकार म्हणत होते की असा हात क्वचितच बघायला मिळतो. बाकीचे म्हणत होते की याला नेम नाही, आणि नेम कुणाला शिकवता येत नाही. बफेलो बिल्सनी त्याला सातव्या क्रमांकावर उचललं आणि २०२४ च्या हंगामात तो लीगचा एमव्हीपी, म्हणजे सर्वांत मोलाचा खेळाडू, झाला. मग त्या टक्केवारीला काही अर्थ होता का? शंका घेणारे चुकले होते का? आणि पुढच्या वर्षी एखाद्या पोरावरून असाच वाद पेटला तर आपण स्वतः काय बघायचं?

मी टेक्सासमध्ये हायस्कूलच्या क्वार्टरबॅकना थ्रो शिकवतो आणि ड्राफ्टच्या दिवसांत सामन्यांची फिल्म बघून अहवाल लिहून देतो. हा वाद माझ्या रोजच्या कामातलाच आहे, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे. आधी मत सांगून टाकतो. टक्केवारी खरी होती, शंका रास्त होती, आणि तरीही ॲलनला घेणं हा आंधळा जुगार नव्हता. किती थ्रो चुकले हे टक्केवारी सांगते. ते का चुकले हे फिल्म बघितल्याशिवाय कळत नाही, आणि ड्राफ्टचा निर्णय त्या ‘का’वर घ्यायचा असतो.

आधी हाताची ताकद, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. इंडियानापोलिसच्या कंबाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या चाचण्यांत) ॲलनच्या थ्रोचा वेग ताशी ६२ मैल नोंदला गेला, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास. ५५ मैलांचा हातही लीगमध्ये चालतो. मग या सात मैलांनी मिळतं काय? चेंडू डाव्या हॅश मार्कवर (मैदानाच्या मधल्या भागात खुणांच्या दोन रांगा असतात, त्यांतल्या डावीवर) आहे आणि रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, उजव्या साइडलाइनकडे बारा यार्डांवर वळतोय, असं समजा. टीव्हीवर हा बारा यार्डांचा पास दिसतो, पण क्वार्टरबॅक, खेळ जिथून सुरू होतो त्या रेषेच्या सात यार्ड मागे उभा असतो आणि चेंडू मैदान तिरपं कापत जातो. कॉलेजच्या मैदानावर हे अंतर साधारण ३६ यार्ड भरतं. हवेचा रोध सोडला तर ६२ मैलांचा चेंडू तिथे सुमारे १.२ सेकंदांत पोहोचतो आणि ५५ मैलांचा सुमारे १.३५ सेकंदांत. तेवढ्या वेळात पूर्ण वेगात झेपावणारा कॉर्नरबॅक, म्हणजे रिसीव्हरला अडवणारा बचावपटू, मीटरभर अंतर तोडतो. पास पूर्ण होणं आणि तोच चेंडू पळवून उलट्या दिशेने टचडाउन (चेंडू मैदानाच्या टोकापलीकडे नेऊन मिळणारे गुण) होणं यांत फरक असतो तो या एका मीटरचा.

यातच एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. मैदान दोन्हीकडे १६० फूट रुंद असलं तरी कॉलेजात हॅश मार्क एकमेकांपासून ४० फुटांवर असतात आणि एनएफएलमध्ये फक्त १८ फूट ६ इंचांवर. म्हणजे लांबच्या हॅशवरून पलीकडच्या साइडलाइनपर्यंतचा थ्रो कॉलेजात सुमारे अकरा फुटांनी लांब असतो. त्यामुळे कॉलेजात हा थ्रो सहज करणाऱ्या पोराच्या हाताबद्दल मला पुढे काळजी राहत नाही. ॲलन तो पाय नीट रोवलेले नसतानाही करायचा. त्याच्या हाताबद्दल वाद नव्हताच.

पण नुसत्या हातावर भाळून काय होतं तेही लीगने बघितलंय. कॅलिफोर्नियाचा काइल बोलर गुडघ्यावर बसून पन्नास यार्डांवरून गोलपोस्टच्या मधून चेंडू पार करायचा. कॉलेजच्या संपूर्ण कारकिर्दीत त्याचे निम्मेही पास पूर्ण झालेले नव्हते, तरी बॉल्टिमोरने २००३ मध्ये त्याला पहिल्या फेरीत एकोणिसावा घेतला. तो कधीच स्थिरावला नाही. २०११ मध्ये टेनेसीने वॉशिंग्टन विद्यापीठाचा जेक लॉकर आठव्या क्रमांकावर घेतला. अंगापिंडाने दणकट, पळायला तेज, हात जोरदार आणि कॉलेजची टक्केवारी चोपन्नच्या आसपास. दुखापतींनी बेजार झालेला लॉकर चार हंगामांनंतर निवृत्त झाला. २०१८ मध्ये शंका घेणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे ही नावं होती. त्यांना आकड्यांचे गुलाम म्हणणं अन्यायाचं आहे. त्यांच्याजवळ इतिहास होता. क्रिकेट बघणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको: नेटमध्ये कुणी ताशी दीडशेने टाकू लागला की सगळे थांबून बघतात, पण कसोटीत विकेट मिळवून देतो तो टप्पा.

आता ते छप्पन्न टक्के. ॲलनच्या बाजूचे लोक एक सबब हमखास पुढे करायचे: २०१६ नंतर त्याचे चांगले साथीदार गेले. हे खरं आहे. रिसीव्हर टॅनर जेंट्री, चेंडू घेऊन पळणारा रनिंग बॅक ब्रायन हिल आणि क्वार्टरबॅककडे चेंडू देणारा सेंटर चेस रूलिए हे तिघेही त्या हंगामानंतर कॉलेजातून बाहेर पडले. पण आकडे शेजारी ठेवून बघा. हे सगळे असताना, २०१६ मध्ये, त्याची टक्केवारी ५६.० होती. ते गेल्यावर, २०१७ मध्ये, ५६.३. साथीदार गेल्यामुळे यार्ड घटले, टचडाउन २८ वरून १६ वर आले, पण नेम होता तिथेच राहिला. म्हणजे दोष साथीदारांच्या पलीकडचा होता. मोठ्या संघांसमोर तर तो आणखी उघडा पडला. २०१६ मध्ये नेब्रास्काविरुद्ध त्याने पाच इंटरसेप्शन दिले (त्याचे पास समोरच्यांनी झेलले) आणि २०१७ मध्ये ओरेगनविरुद्ध २४ पैकी ९ पास पूर्ण केले, तेही अवघ्या ६४ यार्डांसाठी. अशा सामन्यांची फिल्म बघून ज्याला काळजी वाटत नाही त्याने हे काम करू नये.

तरीही टक्केवारी हा फार भेसळीचा आकडा आहे, हेही तेवढंच खरं. रेषेच्या मागेच रिसीव्हरच्या हातात टेकवलेला स्क्रीन पास आणि तीन बचावपटूंच्या मधल्या फटीतून वीस यार्डांवर घातलेला पास, दोन्ही हिशेबात ‘एक पूर्ण’ म्हणूनच पडतात. त्याच ड्राफ्टमध्ये पहिला गेलेला ओक्लाहोमाचा बेकर मेफील्ड २०१७ मध्ये सत्तर टक्क्यांवर होता. तो खरोखर अचूक होता, पण प्रशिक्षक लिंकन रायलीच्या आखणीत त्याला मोकळे रिसीव्हर वारंवार सापडायचे. प्रशिक्षक क्रेग बोल यांच्या वायोमिंगमध्ये ॲलनला पाठ फिरवून प्ले-ॲक्शन (चेंडू रनिंग बॅककडे देण्याची हुलकावणी) करायचं, खोल बघायचं आणि लांब फेकायचं असा जुन्या वळणाचा खेळ होता. सोपे पास त्याच्या वाट्याला कमी यायचे. दोघांचे आकडे एकमेकांसमोर ठेवून जो निकाल निघतो, तो निम्मा प्रशिक्षकांच्या आखणीचा निकाल असतो.

म्हणून मी टक्केवारी बाजूला ठेवून वही उघडतो. प्रत्येक थ्रोची एक ओळ. चेंडू हवेत किती यार्ड गेला, अंगावर कुणी येत होतं का, पाय कुठे होते, चेंडू रिसीव्हरच्या शरीराच्या कुठल्या भागाकडे गेला, आणि सर्वांत शेवटी पास पूर्ण झाला की नाही. निकाल मुद्दाम शेवटी लिहायचा. कारण पूर्ण झालेले कितीतरी पास प्रत्यक्षात वाईट थ्रो असतात. एक अगदी साधा पास घ्या. रनिंग बॅक सहा यार्ड बाजूला पळतोय, त्याच्यासमोर मोकळं मैदान आहे. चेंडू त्याच्या छातीपुढे हातभर आला तर तो न थांबता पंधरा यार्ड काढतो. तोच चेंडू मागच्या कमरेकडे आला तर त्याला अंग पिळून, थांबून तो धरावा लागतो, आणि तेवढ्यात बचावातला लाइनबॅकर येऊन त्याला जागीच पाडतो. आकडेवारीत दोन्ही वेळा पास पूर्ण. माझ्या वहीत दुसऱ्यापुढे फुली. ॲलनच्या वायोमिंगच्या फिल्ममध्ये लांबच्या थ्रोंपेक्षा या छोट्या थ्रोंपुढच्या फुल्या मला जास्त खटकायच्या. तो पाच यार्डांवरच्या माणसालाही चाळीस यार्डांच्या ताकदीने मारायचा.

आता या सगळ्या वादाच्या गाभ्याकडे येतो. चुकलेल्या थ्रोंच्या ओळी एकत्र वाचायच्या आणि त्यात काही सूत्र दिसतं का ते शोधायचं. थ्रो जमिनीतून वर येतो: मागचा पाय, मग कंबर, मग छाती, मग खांदा, कोपर आणि शेवटी मनगट. उजव्या हाताच्या क्वार्टरबॅकचा डावा पाय लक्ष्याच्या किंचित डावीकडे आणि बेताच्या अंतरावर पडला तर कंबर मोकळी वळते. तोच पाय फार लांब पडला तर कंबर अडकते, अंग मागे राहतं, हात एकटाच खेचला जातो आणि चेंडू रिसीव्हरच्या डोक्यावरून जातो. पाय फार बंद पडला तर चेंडू अंगाच्या आडवा येतो आणि रिसीव्हरच्या मागे राहतो. ॲलनच्या चुका बघाल तर पुन्हा पुन्हा हेच दिसतं: लांब पाऊल, कंबर कमी, हात जास्त, चेंडू उंच. पाय जमले की त्याच सामन्यात, त्याच रिसीव्हरला तो असा चेंडू द्यायचा की बघत राहावं. म्हणजे हात आणि डोळे चेंडू कुठे ठेवायचा ते जाणत होते, पाय मधे आडवे येत होते.

दुसऱ्या प्रकारच्या पोरांचे पाय ठीक असतात, पॉकेट (साथीदारांनी राखलेली फेकण्याची जागा) स्वच्छ असतो, अंगावर कुणी नसतं आणि तरी चेंडू कधी उंच, कधी मागे, कधी पायाशी. सूत्रच सापडत नाही. अशा पोराला मी दोन वर्षं घासून किंचित सुधारू शकतो, पण त्याच्यावर पहिल्या फेरीचा पैसा लावा असं मी कुणाला सांगणार नाही. ‘नेम शिकवता येत नाही’ हे जुनं वाक्य अशा पोरांपुरतं मला मान्य आहे. सगळ्यांना लावलं की ते चुकीचं ठरतं.

तिसरा प्रकार डोक्याचा. रिसीव्हर वळण्याआधी चेंडू हातातून सुटला पाहिजे. तो वळलेला दिसल्यावर फेकला तर लीगच्या वेगात उशीर झालेला असतो. जोरदार हाताची पोरं इथे हमखास आळशी होतात, कारण कॉलेजात उशिराचा थ्रोही वेगाच्या जोरावर पोहोचतो. ॲलनमध्ये ही सवय होती, आणि २०१८ मध्ये मला सर्वांत मोठा धोका हाच वाटत होता. पाय जिममध्ये आणि मैदानावर दुरुस्त होतात. वेळेआधी फेकण्याची हिंमत प्रत्यक्ष सामन्यांत मार खाऊनच येते, आणि काहींना ती कधीच येत नाही.

कंबाइन आणि प्रो डे (ड्राफ्टआधी विद्यापीठातच होणारं थ्रोचं प्रात्यक्षिक) यांना किती किंमत द्यायची? वेग मोजण्यापुरती आणि पाय जवळून बघण्यापुरती, त्यापलीकडे फारशी नाही. तिथे बचावपटू नसतात, आणि प्रो डेला तर क्वार्टरबॅकच्या खासगी प्रशिक्षकाने आखलेले थ्रो, त्याच्या ओळखीचे रिसीव्हर आणि आधी केलेला सराव असतो. लुइझियाना स्टेटच्या जमार्कस रसेलचा प्रो डे बघून लोक थक्क झाले होते. २००७ मध्ये रेडर्सनी त्याला पहिल्या क्रमांकावर घेतला आणि तीन हंगामांत सोडून दिला. उलट टेडी ब्रिजवॉटरने २०१४ च्या प्रो डेला नेहमीचा हातमोजा न घालता फेकलं, थ्रो डळमळले आणि तो घसरत बत्तिसाव्या क्रमांकापर्यंत गेला. पुढे त्याने मिनेसोटाला विभागाचं विजेतेपद मिळवून दिलं. एका सकाळच्या थ्रोंनी तीन वर्षांची फिल्म पुसायची, हा मला या धंद्यातला सर्वांत वाईट प्रकार वाटतो. मोबीलच्या सीनियर बोलचा (कॉलेजच्या शेवटच्या वर्षातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्याचा) सराव मी जास्त मानतो. तिथे अनोळखी रिसीव्हर, नवी आखणी आणि समोर खरे कॉर्नरबॅक असतात. आठवडाभरात पोरगा किती उचलतो ते दिसतं.

थ्रोच्या दिसण्यावरूनही फार वेळ वाया जातो. फिलिप रिव्हर्सचा हात बाजूने, खालून यायचा, बघायला बेढब. २०२० पर्यंत तो सतरा हंगाम खेळला, कारण चेंडू हातातून लवकर सुटायचा आणि प्रत्येक वेळी त्याच जागेवरून सुटायचा. टिम टीबो मात्र फेकण्याआधी चेंडू कमरेपर्यंत खाली न्यायचा. फ्लोरिडात समोरचे बचावपटू तेवढा वेळ द्यायचे, एनएफएलमध्ये त्याच वेळेत कुणीतरी हातावर झडप घालतो. २०१० च्या ड्राफ्टआधी त्याने काही आठवड्यांत हे वळण बदलायचा प्रयत्न केला. प्रो डेला ते बदललेलं दिसलं, दबाव आला की जुनं वळण परत यायचं. सुंदर की कुरूप ते सोडा. चेंडू किती लवकर आणि किती सारखा सुटतो एवढंच बघा.

बफेलोच्या निर्णयाकडे परत येऊ. जनरल मॅनेजर ब्रँडन बीन यांनी बारावा क्रमांक आणि दुसऱ्या फेरीतल्या दोन निवडी टँपा बेला देऊन सातवा क्रमांक घेतला. दोन गोष्टी त्यांच्या बाजूने होत्या. एक, बिल्सचं मैदान जिथे आहे त्या ऑर्चर्ड पार्कचं हवामान. ईरी सरोवरावरून येणाऱ्या वाऱ्यात साधारण हाताचा थ्रो डिसेंबरमध्ये गळून पडतो. २०२१ च्या डिसेंबरमधला न्यू इंग्लंड पेट्रियट्सविरुद्धचा सामना आठवा. वारा एवढा की न्यू इंग्लंडने संपूर्ण सामन्यात फक्त तीन पास फेकले, तर ॲलनने तीस. बफेलो हरलं, तो भाग वेगळा, पण तशा वाऱ्यात तीस वेळा फेकायची मुभा किती क्वार्टरबॅकना मिळेल? दुसरी गोष्ट, त्यांना वाट बघायची तयारी होती.

आणि वाट बघावी लागलीच. पहिल्या हंगामात ५२.८ टक्के, टचडाउनपेक्षा इंटरसेप्शन जास्त. शंकेखोरांनी जे लिहिलं होतं ते शब्दशः मैदानावर उतरलं. दुसऱ्या हंगामात ५८.८. तिसऱ्यात, २०२० मध्ये, एकदम ६९.२ टक्के आणि ३७ टचडाउन. मधल्या काळात खासगी प्रशिक्षक जॉर्डन पामर यांच्याबरोबर त्याने पाय आणि कंबरेवर काम केलं, संघाच्या आक्रमणाचे प्रशिक्षक ब्रायन डेबोल यांनी आखणीत सोपे पास पेरले, आधी कोल बीझली आणि मग मिनेसोटातून स्टेफॉन डिग्ज हे रिसीव्हर आले. यातलं किती कशामुळे, हे वेगळं काढून कुणी सांगू लागला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. मला फिल्ममध्ये दिसतं ते एवढंच की पाऊल आखूड झालं, छोटे थ्रो मऊ झाले आणि चेंडू रिसीव्हर वळण्याआधी निघू लागला. तिन्ही दोष ड्राफ्टआधी लिहिलेले होते, आणि तिन्हींवर नेमकं काम झालं.

त्याच पहिल्या फेरीत दहावा गेलेला जॉश रोझेन हा थ्रो बघायला सर्वांत देखणा मानला जात होता. ॲरिझोनाने वर्षभरात त्याला मायामीला देऊन टाकलं. बत्तिसावा गेलेला लामार जॅक्सन याला तर काहींनी रिसीव्हर व्हायचा सल्ला दिला होता. तो २०१९ चा एकमताने निवडलेला एमव्हीपी. ॲलनचा दाखला देऊन ‘छप्पन्न टक्केवाले सगळे सुधारतात’ म्हणणाऱ्यांची संख्या २०२० नंतर वाढली, आणि मला ती जास्त धोक्याची वाटते. एवढी झेप फार थोड्यांनी घेतली आहे. तिच्या भरवशावर पहिली फेरी खर्च करणाऱ्या संघाने आधी चुकांचं सूत्र दाखवावं, ते दुरुस्त करणारा माणूस दाखवावा, आणि दोन हंगाम हरायची तयारी दाखवावी.

तुम्हाला स्वतः बघायचं असेल तर ठळक क्षणांची चित्रफीत बघू नका, तिच्यात चुकलेले थ्रो नसतात. परक्या मैदानावरचा, तुल्यबळ किंवा वरचढ संघाविरुद्धचा एक पूर्ण सामना घ्या आणि थर्ड डाउनचे (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतल्या तिसऱ्याचे) थ्रो तेवढे बघा. प्रत्येक थ्रो दोनदा बघा. पहिल्यांदा फक्त क्वार्टरबॅकच्या कमरेखालचा भाग, दुसऱ्यांदा फक्त चेंडू रिसीव्हरला कुठे भेटला ते. मागच्या टोकाकडून घेतलेला कॅमेरा मिळाला तर उत्तम, कारण पाऊल किती लांब पडलं आणि कंबर वळली की नाही हे बाजूच्या कॅमेऱ्यातून नीट कळत नाही. कारण दिसलं तर थ्रोपुढे ते लिहा, नाही दिसलं तर जागा रिकामी ठेवा. तीन-चार सामन्यांनंतर रिकाम्या जागा जास्त उरल्या तर तो पोरगा किती का लांब फेकेना, मी त्याला दुसऱ्या फेरीआधी हात लावणार नाही.